साथीचे रोग आणि आपली घरे
(बी. ए. द्वितीय वर्ष)

आमच्या घरी सध्या एकच विषय चालू आहे. घरकुल मंजूर झाले असून जुने कवेलूचे घर पाडून त्या जागी नवे बांधायचे आहे. बांधायचे कसे, यावर मात्र चार माणसांची चार मते आहेत. आजीच्या मते घराला छपरी हवी. बाबांच्या मते समोर चांगला हॉल हवा, म्हणजे आल्यागेल्याला बसवता येते. आईला संडास-न्हाणी घराला लागून हवी. धाकट्या भावाला कुठल्या बाजूला मोबाईलची रेंज मिळते याचीच काळजी. माझेही एक मागणे आहे, ते शेवटी सांगेन.

ही भांडणे ऐकताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली. २०२० पूर्वी आमच्या घरात यांपैकी एकही मागणी कोणी केली नव्हती. घर म्हणजे रात्री पाठ टेकायची जागा, एवढाच आमचा हिशेब होता. दिवस शेतात, शाळेत, बाजारात जाई. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि घराकडे पाहण्याची वेळ प्रथमच आली. साथ माणसाला घराकडे नव्याने पाहायला लावते, हे पुढे वाचनातून कळले आणि ते पहिल्यांदा घडलेले नाही हेही कळले. त्याविषयीच हा लेख आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे रोगी ओळखले. पाहता पाहता रोग मुंबईभर आणि मग पुण्यात पसरला. १८९७ च्या फेब्रुवारीत साथरोगाचा कायदा आला. २०२० मध्ये टाळेबंदीचे हुकूम निघाले तेव्हा हाच कायदा कामी आला. पुण्यात घरझडतीच्या जुलमाने लोक चिडले आणि जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, हा इतिहास आपण शाळेत शिकलो आहोत. रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या, हेही आपल्याला ठाऊक आहे. पण त्या साथीने घरांचे काय केले, हे पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही.

त्या वेळी सरकारी डॉक्टरांची समजूत अशी होती की प्लेग दमट, अंधाऱ्या, कोंदट जागेतून उपजतो. म्हणून गटारे धुतली, भिंतींना चुना फासला. अंधाऱ्या खोल्यांत ऊन यावे म्हणून कित्येक घरांच्या छपरांना भोके पाडली. जी घरे फारच वाईट ठरली त्यांच्यावर ‘माणसाने राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे रंगवली. खरे कारण वेगळे होते. उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये दाखवून दिले. ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे गेली.

गंमत अशी की खेड्यातल्या माणसांना यातले अर्धे आधीच कळले होते. माझी आजी तिच्या सासूबाईंकडून ऐकलेले सांगते, “उंदीर पडले का लोक वावरात राहाले जात.” घरात मेलेले उंदीर दिसले की गाव सोडायचे, शेतात तट्ट्यांच्या झोपड्या बांधायच्या आणि साथ सरल्यावर परत यायचे. पिसूचे शास्त्र त्यांना माहीत नव्हते, पण घर सोडल्याने जीव वाचतो हे अनुभवाने माहीत होते. महर्षी कर्व्यांचा विधवांचा आश्रमही प्लेगमुळेच १९०० साली पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. स्त्रियांच्या शिक्षणाचे केवढे मोठे काम त्या झोपडीतून उभे राहिले! मी आज कॉलेजात बसते त्यात त्या झोपडीचाही थोडा वाटा आहे, असे मी समजते.

मुंबईत मात्र एवढे लोक शेतात जाणार कुठे? म्हणून १८९८ च्या कायद्याने मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दाट वस्त्या पाडून समुद्राची हवा आत यावी असे रुंद रस्ते काढायचे, मजुरांसाठी चाळी बांधायच्या आणि शहराच्या उत्तरेला नव्या वसाहती आखायच्या, ही त्याची कामे. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्यातूनच झाले. बी. आय. टी. चाळी त्याच ट्रस्टच्या. दादर-माटुंग्याची आखणीही त्याचीच. एक दोषही सांगितला पाहिजे. ट्रस्टने आरंभीच्या वर्षांत घरे पाडली झपाट्याने आणि बांधली सावकाश. त्यामुळे ज्यांची घरे गेली ते गरीब शेजारच्या वस्तीत जाऊन आणखी दाटीने राहिले.

या ट्रस्टचा एक नियम मला फार आवडला, कारण तो आमच्या बाबांनाही समजला. इमारतीच्या समोर किती मोकळी जागा ठेवावी, हे त्यांनी उजेडाच्या कोनावरून ठरविले होते. तो कोन साडेत्रेसष्ट अंशांचा. ऐकायला अवघड, पण अर्थ सोपा आहे. समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मी तरी जागा मध्ये मोकळी हवी. भिंत वीस फूट असेल तर दहा फूट जागा सोडा, म्हणजे खालच्या खोलीतही उजेड येईल. म्हणजे असे झाले की रोगाचे कारण चुकीचे धरले होते, पण त्यातून निघालेली खिडकी बरोबर होती. प्लेग खिडकीने जात नाही हे खरे. पण क्षयासारखा रोग कोंदट हवेत पसरतो आणि त्याला खिडकी नक्की अडवते.

याच चाळींशी आणि वसाहतींशी एका थोर पुरुषाचे आयुष्य जोडलेले आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे कुटुंब १९१२ पासून सुमारे बावीस वर्षे परळच्या बी. आय. टी. चाळीत दोन खोल्यांत राहिले. पुढे त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत ‘राजगृह’ बांधले, आणि ते बांधताना ग्रंथांच्या जागेचा विचार आधी केला. चाळ प्लेगनंतरच्या ट्रस्टची आणि कॉलनीची जमीनही त्याच ट्रस्टच्या आखणीतली. एका साथीने शहराला हवा-उजेड दिला. पण घरात पुस्तकांना जागा असावी हे बाबासाहेबांनी स्वतः ठरविले. आपल्या नागपूर भागातल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आता आपल्या काळातल्या साथीकडे येऊ. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा मी आठवीत होते. मे महिन्यात काका, काकू आणि त्यांची लहान मुलगी नागपूरहून परत आली, कारण काकांचा कारखाना बंद होता. आमच्या दोन खोल्यांत आता आठ माणसे झाली. काका चौदा दिवस गावच्या शाळेत राहिले. मी जिथे बसून गणित शिकले होते त्याच वर्गात ते सतरंजी टाकून झोपत. त्यानंतर नववीचे अख्खे वर्ष मी मोबाईलवर शिकले. मोबाईल एक, शिकणारे दोघे. आजी पूजा करते त्या कोपऱ्यात रेंज येई. तिथे भाऊ सकाळी आणि मी दुपारी. पलीकडे काकूची मुलगी रडे, चुलीचा धूर येई, बाबा कापसाच्या भावावर बोलत. सर काय शिकवीत होते ते निम्मे कळत नसे. घरात माणसे आठ होती, पण बंद करता येईल असे दार एकच होते आणि ते न्हाणीचे होते.

एप्रिल २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत बाबांना ताप आला. तपासणीत कोरोना निघाला. ऑक्सिजन ठीक होता, म्हणून घरीच वेगळे राहा असे सांगितले. वेगळे म्हणजे कुठे? बाबा म्हणाले, आतल्या खोलीत मी राहतो, तुम्ही बाहेर. आजीने ऐकले नाही. तिने छपरीत खाट टाकली, आईच्या दोन जुन्या लुगड्यांचा आडपडदा केला आणि पाण्याचा माठ वेगळा ठेवला. बाबा सतरा दिवस तिथे राहिले. जेवणाचे ताट खाटेजवळच्या स्टुलावर ठेवून आम्ही मागे सरायचो. घरात दुसऱ्या कोणाला लागण झाली नाही. तो नशिबाचा भाग असेल, मी नाकारत नाही. पण पुढे वाचले तेव्हा कळले की हा रोग मुख्यतः हवेतून, विशेषतः बंद खोलीतल्या हवेतून पसरतो. पहिल्या वर्षी आपण सारे भाजी मिठाच्या पाण्याने धूत होतो, दाराच्या कड्या पुसत होतो आणि खिडक्या मात्र लावून घेत होतो. प्लेगच्या वेळी कारण चुकले पण खिडकी उघडली. आपल्या वेळी खिडकीचे महत्त्व कळायलाच उशीर झाला.

मुंबईत धारावीची अवस्था याहून कठीण होती. १ एप्रिल २०२० रोजी तिथे पहिला रुग्ण निघाला. एका लहानशा खोलीत आठ-दहा माणसे आणि संडास सार्वजनिक. तिथे ‘सहा फूट अंतर ठेवा’ हे सांगणे व्यर्थ होते. म्हणून महानगरपालिकेने घरोघरी जाऊन तपासणी केली आणि रोग्यांना शाळा, सभागृहे, क्रीडा संकुल अशा मोठ्या जागांत हलविले. जे घरात नव्हते ते गावाला द्यावे लागले. आमच्या काकांना शाळा मिळाली तीही तशीच.

त्यानंतर लोकांच्या मागण्या बदलल्या. शहरात ज्यांचे काम संगणकावर होते त्यांना घरात कामाची खोली आणि गॅलरी हवीशी झाली. गॅलरी बंद करून खोली मोठी करणारेच आता उघडी गॅलरी मागू लागले. घरखरेदीही वाढली, मात्र ती केवळ साथीमुळे वाढली असे म्हणता येणार नाही. राज्य शासनाने १ सप्टेंबर २०२० पासून डिसेंबरअखेर मुद्रांक शुल्कात तीन टक्क्यांची व पुढे मार्च २०२१ पर्यंत दोन टक्क्यांची सवलत दिली होती, आणि कर्जाचे व्याजही उतरले होते. आमच्या पारशिवनीकडे मी ओळखीच्या बायकांना विचारले तेव्हा वेगळीच उत्तरे मिळाली. एकीला संडास घराजवळ हवा, कारण आजारी माणसाला रात्री बाहेर नेता येत नाही. एकीला बाहेर हातपाय धुवायला नळ हवा. एक म्हणाली, मुलगा पुण्याहून परत आला तर त्याच्यापुरती एक खोली असावी. खोली मागणारीच्या मनात शोभेचा विचार नव्हता. पुन्हा संकट आले तर पोराला दारातून परत पाठवावे लागू नये, एवढीच तिची इच्छा.

आणि इथेच आमच्या घरकुलाचा प्रश्न येतो. पंतप्रधान आवास योजना, ग्रामीण, २०१६ मध्ये सुरू झाली तेव्हा घराचे किमान क्षेत्र २० वरून २५ चौरस मीटर करण्यात आले, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट, त्यातच स्वयंपाकाची जागा. सपाट प्रदेशासाठी मदत ठरली १ लाख २० हजार रुपये. ज्यांच्या डोक्यावर धड छप्पर नव्हते त्यांना हे फार मोठे साहाय्य आहे, यात शंका नाही. पण हे माप साथीच्या आधीचे आहे. आणि आपण माणसे काय करतो? पैसा थोडा, म्हणून पहिल्यांदा छपरी कापतो, मग खिडकी लहान करतो. चार पक्क्या भिंती आणि वर स्लॅब म्हणजे प्रगती, असे आपल्याला वाटते. मातीच्या घरातली जी गोष्ट जीव वाचवते तीच आपण जुनाट म्हणून टाकून देतो.

मागच्या आठवड्यात मिस्त्री आले आणि त्यांनी फक्कीने जमिनीवर घर आखले. आतल्या खोलीची खिडकी त्यांनी उत्तरेला धरली होती. मी टेप घेऊन मोजले. शेजारची भिंत दहा फूट उंच आणि मध्ये जागा तीन फूट. मुंबईच्या त्या जुन्या नियमाने पाच फूट हवी. मी हे सांगितले तेव्हा मिस्त्री हसले, बाबा हसले नाहीत. ते म्हणाले, “शिकलेल्या पोरीचं ऐकून पाहू.” खिडकी पूर्वेला गेली. मग आजीची पाळी आली. हॉल दोन फूट कमी करून समोर टिनाची छपरी ठेवावी, असा तिचा हट्ट होता. बाबांनी पाहुण्यांचा प्रश्न काढला. आजी म्हणाली, “पाहुणा चहा पिऊन जाते. तू सतरा दिवस कुठं होता ते आठव.” यावर बाबा काहीच बोलले नाहीत. मिस्त्रींनी पायाने फक्की पुसली आणि रेघ दोन फूट मागे घेतली.

आता माझे मागणे. आतल्या खोलीला आतून कडी लागेल असे दार मी मागितले आहे. आजारी माणसाला ते लागेल, हे कारण मी घरात सांगितले आणि ते खरेच आहे. दुसरे कारण मी सांगितलेले नाही. त्या खिडकीखाली एक टेबल बसते. आमच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेजात गेलेले नाही, म्हणून घरात वाचायला जागा लागते हे कोणाला सुचणे शक्य नव्हते. मलाही ते त्या नववीच्या वर्षानेच शिकविले.

पैसे पुरले तर दार लागेल. सध्या चौकटीचा भाव काढणे चालू आहे.