पित्तनलिकेतला स्टेंट काढायची तारीख विसरू नका

पित्तनलिकेत खडा अडकला किंवा स्वादुपिंडाच्या गाठीने ती दाबली गेली, की यकृतातले पित्त आतड्यात उतरत नाही. डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते. अशा वेळी तोंडावाटे दुर्बीण घालून नलिकेत छोटी नळी बसवतात. हाच स्टेंट. जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये नीब सोहेंद्रा यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस ही वाट दाखवली आणि असंख्य रुग्णांची मोठी शस्त्रक्रिया टळली.

प्लास्टिकचा स्टेंट साधारण ३ मिलिमीटर जाडीचा असतो. आतल्या बाजूला जीवाणूंचा थर बसतो, त्यावर पित्तातला गाळ साचतो आणि नळी तुंबते. म्हणून साधारण ३ महिन्यांत ती काढतात किंवा बदलतात.

क्वचित ती जागा सोडते. आतड्यात घसरलेली नळी बहुतेकदा शौचावाटे निघून जाते, रुग्णाला कळतही नाही. पण लहान आतड्याच्या सुरुवातीचा बराचसा भाग पोटाच्या मागच्या भिंतीला चिकटलेला असतो. सरळ, ताठ नळी तिथे अडकली, तर तिचे टोक समोरच्या भिंतीवर टेकून राहते आणि अखेर भोक पडते. भोक मागच्या बाजूला असेल तर पोट कडक होतेच असे नाही. नुसती पाठदुखी आणि ताप एवढ्यावरच दुखणे दबून राहते. निदान होते ते सीटी स्कॅनमध्ये. हर्नियात किंवा मोठ्या आतड्याच्या फुगवट्यांत अडकूनही असेच भोक पडू शकते.

स्टेंटच्या घर्षणाने यकृताच्या रोहिणीला इजा झाली, तर पित्तमार्गात रक्तस्राव होतो. पोटात कळ, कावीळ आणि डांबरासारखी काळी शौच एकत्र दिसली, तर एक तासही दवडू नये. वर्षानुवर्षे राहिलेल्या स्टेंटभोवती तर नवे खडे धरतात. मग तो दुर्बिणीने ओढून निघणेही अवघड होते.

या गुंतागुंती दुर्मीळ आहेत, म्हणून स्टेंटची धास्ती घेऊ नये. खरा धोका आहे तो बरे वाटण्यात. कावीळ उतरते, भूक लागते, माणूस कामाला लागतो आणि पोटातली नळी विस्मरणात जाते. डिस्चार्ज देताना डॉक्टरांनी स्टेंट काढण्याची तारीख ठळक लिहावी, घरच्यांनीही ती लक्षात ठेवावी. मधल्या काळात थंडी वाजून ताप, पुन्हा कावीळ किंवा न थांबणारी पोटदुखी सुरू झाली, तर ॲसिडिटी समजून घरी थांबू नका. कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी पहिले वाक्य हेच असू द्या: माझ्या पित्तनलिकेत स्टेंट आहे.