कारीगराचा जुना आजार आणि मालकाची जबाबदारी

"तो आधीपासूनच आजारी होता." कारखान्यात माणूस कोसळला की आमच्या यंत्रमाग धंद्यात पहिले वाक्य हेच निघते. २०१२ साली भिवंडीत आम्हीही हेच म्हटले होते, आणि ते आम्हाला महागात पडले.

आमच्या बारा मागांच्या शेडमध्ये तेव्हा सात माणसे होती. त्यातला एक कारीगर, वय ५०, पगार ६,००० रुपये, रक्तदाबाच्या गोळ्या खात असे. मुकादमाला हे माहीत होते आणि आम्हालाही. मे महिन्यात सायझिंगहून आलेला भरलेला बीम माळ्यावर चढवायचा होता. चार माणसांचे ते काम, पण त्या दिवशी तिघेच होते. जिन्यातच त्याच्या छातीत कळ आली आणि इस्पितळात पोहोचण्यापूर्वी त्याचा इंतकाल झाला. शवविच्छेदनात हृदयविकार जुना निघाला. बाजारातले मित्र म्हणाले, "सेठ, तुम्ही सुटलात."

आम्ही मुलुखाहून आलेल्या बेवेला २५,००० रुपये दिले आणि स्टॅम्प पेपरवर तिचा अंगठा घेतला. नंतर नुकसानभरपाई आयुक्तांची नोटीस आली, तेव्हा वकिलाकडे गेलो. त्याने कागद बाजूला सारला. हक्क सोडल्याचा असा करार कायद्यात रद्दबातल ठरतो. मृत्यूची भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी लागते. वारसाला हातोहात दिलेल्यापैकी फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी रक्कम, म्हणजे आमच्या बाबतीत १८,००० रुपये, वजा होते.

मग जुन्या आजाराचे काय? वकिलाने मुंबई उच्च न्यायालयाचा एक निकाल दाखवला, १९५४ च्या लॉ रिपोर्टांत छापलेला, मुंबई पोर्ट ट्रस्टच्या एका पहारेकऱ्याचा. त्याला हृदयविकार होता आणि कामावर असताना छातीत दुखून तो गेला. न्यायालयाचे म्हणणे असे की, माणूस केवळ आजाराने गेला तर मालक जबाबदार नाही. पण आजाराला कामाची जोड मिळाली, कामाने मरण लवकर ओढवले, तर मालक जबाबदार आहे.

याची दुसरी बाजूही आहे. नेल्लोरच्या वीज केंद्रातील कामगाराच्या प्रकरणात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने दावा नाकारला. त्याला छातीचा आजार होता, पण त्याचे काम केवळ स्विच चालू-बंद करण्याचे होते, त्यात ताण आढळला नाही. म्हणजे सवाल आजाराचा नाही, त्या दिवशीच्या कामाचा आहे. आमच्याकडे तर तिघांच्या खांद्यावर चौघांचे ओझे होते.

हिशोब असा झाला: पगाराचा निम्मा भाग ३,००० गुणिले पन्नाशीच्या वयाचा आकडा १५३.०९, एकूण ४,५९,२७० रुपये. महिन्याच्या आत भरले नव्हते म्हणून १२ टक्के व्याज वेगळे. विमा काढला नव्हता. दोन माग विकावे लागले.

१९२३ चा तो कायदा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे, पण 'नोकरीमुळे आणि नोकरीच्या दरम्यान' घडलेला अपघात ही कसोटी कायम आहे. कापसाच्या धुळीने होणारा फुफ्फुसाचा विकारही व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे, हे आमच्या बऱ्याच व्यापारी बांधवांना ठाऊक नसते.

काही मालक आता रक्तदाबवाला कारीगर ठेवायचाच नाही म्हणतात. मग पन्नाशीनंतर भिवंडीत माग चालवणार कोण? त्या गोळ्या तर आता आम्हीही खातो.