'बहाणा' : सिकलसेलग्रस्त विद्यार्थी आणि आमचे वसतिगृह

स्मरणिकेत निकालांचे तक्ते असतात, क्रीडास्पर्धांतील पारितोषिकांची नोंद असते, माजी विद्यार्थ्यांनी भूषविलेल्या पदांची अभिमानाने केलेली गणना असते. ते सर्व योग्यच आहे. परंतु प्रत्येक वसतिगृहात आणखी एक वही असते, ती आजारी विद्यार्थ्यांच्या नोंदीची. आमच्या त्या वहीच्या जुन्या पानांवर सातवीतील एका विद्यार्थ्याच्या नावापुढे एकाच हिवाळ्यात सात वेळा 'पाय दुखणे' असे लिहिलेले आहे आणि शेवटच्या तीन नोंदींपुढे शेऱ्याच्या रकान्यात 'बहाणा' हा एकच शब्द आहे. शेरा गृहपालांच्या हस्ताक्षरातील असला तरी त्यास आम्हा सर्व शिक्षकांची संमती होती. आमच्या हातून हे कसे घडले आणि तो आजार वस्तुतः काय होता, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे.

आदल्या सायंकाळी कबड्डीच्या मैदानावर असलेला हा मुलगा दुसऱ्या दिवशी पहाटे अंथरुणातून उठत नसे. अंगात ताप नाही, पायाला सूज नाही, कुठे खरचटलेलेही नाही. मात्र पाय पोटाशी घेऊन तो कण्हत पडलेला. दोन-तीन दिवसांनी तो पुन्हा हसत-खेळत वर्गात येई. गणिताच्या चाचणीच्याच दिवशी याचा पाय कसा दुखतो, असे त्याचे मित्र उघडपणे विचारीत. आम्ही त्याच्या घरी निरोप धाडला, तेव्हा त्याचे मामा आले आणि म्हणाले, "गुरुजी, पोरगा कामचुकार हाये, घरी बी असाच करते." त्याची आजी त्याला एका जाणत्याकडे घेऊन गेली होती, दंडावर गंडा होता. डोळे पिवळट दिसत म्हणून गावात त्याला काविळीचे औषधही दोनदा देऊन झाले होते. आजी गंडा बांधत होती आणि आम्ही शेरे लिहीत होतो; मुलाच्या दृष्टीने दोहोंत फारसे अंतर नव्हते. किंबहुना आजीने त्याचे दुखणे खरे तरी मानले होते.

पुढे आरोग्य पथकाने वसतिगृहातील सर्व विद्यार्थ्यांच्या रक्ताची तपासणी केली. त्याचा अहवाल आला : सिकलसेल, 'एसएस'.

सिकलसेल हे नाव आता विदर्भातील खेड्यापाड्यांत रूढ झाले आहे, म्हणून प्रतिशब्द घडविण्याच्या खटाटोपात आम्ही पडत नाही. सिकल म्हणजे विळा. आपल्या तांबड्या पेशी वाटोळ्या, मऊ आणि लवचीक असतात. केसाहून बारीक रक्तवाहिनीतूनही त्या अंग चोरून निघून जातात. या पेशींत प्राणवायू वाहून नेणारे जे हिमोग्लोबिन असते, त्याच्या एका साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलीन येते. बदल एवढाच. परंतु त्यामुळे प्राणवायू सोडल्यानंतर हे हिमोग्लोबिन एकमेकांस चिकटून ताठर होते आणि पेशीला धानकापणीच्या विळ्याचा आकार येतो. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढील भागास रक्त मिळत नाही, हाडाच्या आतील मगज उपाशी पडतो आणि वेदना सुरू होते. ही वेदना हाडाच्या आत असते; बाहेरून पाहणाऱ्यास तेथे काहीही दिसत नाही. मुख्य घोटाळा येथेच होतो. हात मोडला तर प्लॅस्टर दिसते, गोवर आला तर पुरळ दिसतो. येथे दाखविण्याजोगे काहीच नसल्यामुळे रुग्णाला केवळ आपल्या शब्दाच्या बळावर दुखणे सिद्ध करावे लागते, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या शब्दाला वसतिगृहात किती वजन असते, हे आम्ही जाणतो.

निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. विळ्याच्या आकाराची पेशी १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त सदैव कमी, थकवा कायमचा आणि डोळे पिवळे. 'नीट जेवत नाही म्हणून अंगात रक्त नाही. गूळ-शेंगदाणे द्या, बीट द्या', असा सल्ला प्रत्येक नातेवाईक देतो. सल्ला प्रेमाचा असतो, पण त्यात नकळत दोषारोप असतो : मुलाने खाल्ले असते, आईने खाऊ घातले असते तर हे झाले नसते. वस्तुतः ही लोहाची उणीव नव्हे, पेशी लवकर नष्ट होण्याचा परिणाम आहे. म्हणूनच अशा मुलाला लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नयेत. फॉलिक आम्लाची गोळी मात्र त्याला सहसा नियमित दिली जाते.

या रोगाचे पहिले वैद्यकीय वर्णन १९१० मध्ये अमेरिकेतील शिकागो येथे डॉ. जेम्स हेरिक यांनी केले. भारतात तो १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत आढळला आणि १९५८ मध्ये नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील आढळाची नोंद प्रसिद्ध केली. आज विदर्भात आदिवासी, बौद्ध तसेच इतर अनेक समाजांत तो आहे. काही जण तो आपल्या समाजाला लागलेला डाग समजून अहवाल लपवितात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, ज्या प्रदेशांत पिढ्यान् पिढ्या हिवतापाने माणसे मरत होती, तेथेच हे जनुक टिकून राहिले. कारण एकाच पालकाकडून ते घेतलेल्या वाहकाला तीव्र हिवतापापासून बरेचसे संरक्षण मिळत असे. यात पापही नाही आणि कमीपणाही नाही. हा रोग स्पर्शाने, उष्ट्याने वा एका पंगतीत बसल्याने होत नाही. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक गर्भधारणेत चारांत एक या प्रमाणात 'एसएस' अपत्याचा संभव असतो. 'पहिले मूल आजारी झाले, आता पुढची तीन सुटली', हा समज चुकीचा आहे; दरवेळी हिशेब नव्याने मांडावा लागतो. स्वतः वाहक असणे म्हणजे आजारी असणे नव्हे. वधूवरांची तपासणी विवाहापूर्वी व्हावी, हे आम्ही पालकसभेत दरवर्षी सांगतो आणि दरवर्षी काही पालक खाली मान घालून बसतात.

आता आमच्या चुकीकडे वळू. थंडी, शरीरातील पाण्याची उणीव, ताप, अतिश्रम आणि मनावरील ताण यांनी पेशी विळ्याचा आकार घेण्यास उद्युक्त होतात. आमच्या वसतिगृहाची शिस्त अशी होती : पहाटे पाच वाजता उठणे, थंड पाण्याने स्नान, त्यानंतर मैदानावर धावणे. रात्री आठनंतर पाण्याच्या टाकीची खोली कुलूपबंद. कारण लहान मुले अंथरूण ओले करतात. ही शिस्त आम्हाला चारित्र्यनिर्मितीची वाटे. सिकलसेलच्या रुग्णाचे मूत्रपिंड लघवी घट्ट करू शकत नाही. त्याला वारंवार लघवीला जावे लागते, रात्रीही. आणि म्हणून इतरांपेक्षा अधिक पाणी प्यावे लागते. या मुलाचे अंथरूण ओले होई, मुले हसत. म्हणून दुपारी तीननंतर त्याने पाणी पिणेच सोडून दिले होते. रात्रभर तहानलेले शरीर, त्यावर डिसेंबरच्या पहाटेचे गार पाणी, त्यावर धावणे. त्याचे दुखणे चाचणीच्या दिवशीच का येई, याचेही उत्तर यातच होते : आदल्या रात्री जागरण आणि मनात धास्ती. आम्ही ज्याला बहाणा म्हणत होतो, तो बव्हंशी आमच्याच वेळापत्रकाने घडविला होता.

हे पाण्याचे प्रकरण त्याने आम्हास पूर्वी कधी सांगितले नव्हते. अहवाल आल्यानंतर गृहपालांनी त्याला जवळ बसवून विचारले, तेव्हा तो इतकेच म्हणाला की, पाय दुखतो हे सांगितले होते.

महावग्गातील पोटाच्या विकाराने आजारी पडलेल्या भिक्खूची कथा आम्ही विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगतो. भगवान बुद्धांनी आनंदासमवेत त्याला स्वहस्ते धुतले आणि अंथरुणावर निजविले, एवढे सर्वांच्या ध्यानात राहते. इतर भिक्खू त्याची शुश्रूषा का करीत नव्हते, हे मात्र सहसा सांगायचे राहून जाते. तो इतरांच्या कामी येत नव्हता, हे तेथे कारण आहे. दीर्घ आजाराच्या माणसाचे एकाकीपण याहून नेमकेपणाने सांगता येणार नाही. दोन दिवसांच्या तापाला सर्वांची सहानुभूती मिळते; दरमहा येणाऱ्या वेदनेला लोक कंटाळतात आणि कंटाळ्याचे रूपांतर संशयात होते.

त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. पाण्याच्या खोलीचे कुलूप निघाले. हिवाळ्यात या विद्यार्थ्यांना ऊन पाणी मिळते आणि वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवण्याची व विचारल्यावाचून लघवीस जाण्याची मुभा आहे. क्रीडाशिक्षकांना पूर्वी दुखऱ्या सांध्यावर बर्फ लावण्याची सवय होती. सिकलसेलच्या वेदनेत बर्फ अपायकारक ठरतो, तेथे ऊब हवी. खुब्याच्या हाडाला रक्त न मिळाल्याने ते झिजते, म्हणून ज्यांना मांडी घालून बसणे अवघड जाते ते सायंवंदनेस खुर्चीवर बसतात. प्रथम याविषयी कुरकुर झाली, ती थांबली. वयात येण्यास विलंब होत असल्याने ही मुले लहानखुरी दिसतात. त्यांना चिडविणाऱ्यांशी आम्ही शिक्षेऐवजी जीवशास्त्राच्या तासाला बोलतो. मुले मोठ्यांहून लवकर समजतात, असा आमचा अनुभव आहे.

काही लक्षणांत मात्र वसतिगृहात थांबणे धोक्याचे असते. १०१ अंशांहून अधिक ताप, छातीत दुखणे वा धाप लागणे, तीव्र डोकेदुखी, एका बाजूचे हात-पाय लुळे पडणे, डाव्या बरगडीखाली पोट एकाएकी फुगणे, यांपैकी काहीही दिसल्यास रात्र असो वा सुट्टी, रुग्णालय गाठावे. रुग्णाची प्लीहा लहानपणीच निकामी होत असल्याने त्याचा साधा तापही साधा नसतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत सिकलसेलचा समावेश आहे. दाखला असल्यास दहावी-बारावीच्या परीक्षेत तासाला २० मिनिटे अधिक मिळतात आणि एस.टी.च्या प्रवासात सवलत आहे. पालकांना हे सहसा ठाऊक नसते, म्हणून जिल्हा रुग्णालयात आमच्यापैकी एक जण सोबत जातो.

त्या मुलासोबत प्रथम गेलो, तेव्हा डॉक्टरांनी वर्षभरात वेदनेचे झटके किती आले, असे विचारले. झटक्यांची संख्या पाहून हायड्रॉक्सीयुरिया सुरू करावयाचे की नाही, हे ते ठरविणार होते. या औषधाने रोग जात नाही, परंतु नियमित रक्ततपासणीसह घेतल्यास झटके कमी होतात. वडिलांना आकडा सांगता येईना, मुलालाही येईना. आम्ही पिशवीतून नोंदवही काढली. डॉक्टरांनी सातही तारखा उतरवून घेतल्या, शेऱ्याचा रकाना वाचला आणि काही न बोलता औषध लिहून दिले.