फुलटोच्याची बाग

फाल्गुन-चैत्रात रानवाटेने निघालात की नजर आधी पळस-पांगाऱ्यावर जाणार, हे ठरलेलंच. तिथे हवं तेवढं रेंगाळा. पण मग थोडं पुढे या आणि बांधावरचा एखादा जुना आंबा शोधा, ज्याच्या फांदीवर आंब्याची नसलेलीच पानं दाटली आहेत. जाडसर, चामट, वेगळ्याच हिरव्या रंगाची. ते बांडगूळ. बागायतदाराच्या डोक्याला ताप! पण पक्षी आणि फुलपाखरं एकाच ठिकाणी पाहायची असतील, तर उभं राहायला ही जागा फार छान.

मुळात ते एवढ्या उंच चढलं कसं? त्याचं मूळ मातीत नाही, बी वाऱ्यावर उडणारं नाही. मग ते तिथे लावलं कुणी?

वरून ‘चिक्‌ चिक्‌’ असा टोकदार आवाज येतोय? तोच तो माळी. राखट-तपकिरी रंगाचा, चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम 8 सेंटीमीटरचा फुलटोच्या. आपल्या देशातल्या सगळ्यात चिमुकल्या पक्ष्यांपैकी हा एक.

बांडगुळाचं पिकलेलं फळ तो अख्खं गिळतो. गर पचतो, बी मात्र काही मिनिटांतच जसंच्या तसं बाहेर येतं. येतं, पण सुटत नाही! बियेभोवती भोकराच्या गरासारखा चिकट थर असतो आणि पोटातून जाऊनही त्याचा चिकटपणा शिल्लक राहतो. मग हा एवढासा जीव काय करतो? फांदीवर मागचा भाग घासतो आणि बी तिथेच चिकटवून मोकळा होतो. जमिनीवर पडलं असतं तर ते बी फुकट गेलं असतं. रुजायला त्याला जिवंत फांदीच लागते आणि पक्ष्याने, केवळ स्वतःची सुटका करून घेताना, ते नेमकं फांदीवरच ठेवलं!

बी रुजतं, सालीत शिरतं आणि आंब्याचं पाणी नि क्षार ओढून घेतं. साखर मात्र स्वतःच्या हिरव्या पानांत बनवतं. म्हणजे चोरीही अर्धीच. पुढे त्याला नळीसारखी फुलं येतात. त्यांतल्या मधासाठी शिंजीर येतात, फुलटोच्याही येतो आणि पराग या फुलावरून त्या फुलावर जातात. कोकणातल्या या पक्ष्यांचा बांडगुळाच्या प्रसाराशी काय संबंध आहे, यावर पक्षीतज्ज्ञ सालिम अलींनी 1931 साली निबंधच लिहिला होता.

आता जरा शेंड्याकडे पाहा. संथ तरंगत एक फुलपाखरू येतंय. पंख मिटून ते बसलं की दिसतो झळझळीत पिवळा रंग, काळ्या रेषा आणि कडेने लाल ठिपके. हे हळदीकुंकू. पंख पसरले तर रुंदी 7-8 सेंटीमीटर, म्हणजे फुलटोच्याच्या लांबीएवढी!

त्याची मादी पानावर उतरते आणि चव घेते, तीही पायांनी. हेच ते झाड, अशी खात्री पटली की अंडी घालते, तीही पुंजक्याने. सुरवंट बाहेर पडतात आणि एकमेकांना खेटून बांडगुळाची पानं कुरतडतात. म्हणजे पक्ष्याने नकळत लावलेल्या बागेत फुलपाखराची पिल्लावळ पोसली जाते!

पण इतक्या भडक रंगाचं फुलपाखरू पक्ष्यांच्या तावडीतून सुटतं कसं? रंग लपवून नव्हे, दाखवून. ते चवीला वाईट असतं. नवख्या पक्ष्याने एकदा चोच मारली की ती चव आणि ते रंग दोन्ही त्याच्या लक्षात राहतात. म्हणून तर या फुलपाखराचा सगळा थाट पंखांच्या खालच्या बाजूला आहे. वरची बाजू बरीचशी पांढरी, काळ्या शिरांची. पंख मिटून निवांत बसल्यावर जी बाजू पक्ष्याला दिसते, तिच्यावरच ही पाटी रंगवलेली!

तेव्हा या आंब्याखाली दोनदा या. पहिल्यांदा सकाळी लवकर, पक्षी खाण्यापिण्याच्या घाईत असताना. दुसऱ्यांदा ऊन अंगाला लागू लागल्यावर, कारण उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय फुलपाखराला झेप घेता येत नाही. मधल्या वेळात काय करायचं? खालच्या डहाळ्या निरखा. एखादीवर चिकटलेलं, नुकताच कोंब फुटलेलं बी सापडलं, तर पुढच्या बागेची लागवड झालीसुद्धा!