ई. जी. आर. वाल्व बदलण्यापूर्वी घरीच तपासा

गांधीबाग-इतवारीतून माल घेऊन उमरेड, सावनेर, काटोलकडे जाणाऱ्या आपल्या गाड्यांचा बराच वेळ गर्दीत रांगत जातो. अशा चालीत इंजिनात काजळी धरते व ती ई. जी. आर. वाल्वमध्ये जमते. मग गाडी उभ्याउभ्या थरथरते किंवा ओढत नाही. मिस्त्री म्हणतो, "नवा वाल्व टाका." हजारो रुपयांचा प्रश्न असल्याने आपण आधी स्वतः तपासावे हे बरे.

हा वाल्व जळालेल्या धुराचा थोडा भाग पुन्हा इंजिनात सोडतो. त्यामुळे आतील उष्णता कमी होऊन नायट्रोजनचे विषारी वायू कमी तयार होतात. वाल्व उघडा अडकला तर इंजिन थरथरते वा बंद पडते. बंद अडकला तर विषारी वायू वाढतात, पेट्रोल गाडीत ठोके येऊ शकतात.

जुन्या गाड्यांत वाल्ववर रबराची बारीक नळी असते. गाडी मोकळ्या जागी, न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी. बंद गाळ्यात इंजिन चालवणे जिवावर बेतते. इंजिन थंड व बंद असताना नळीला चीर आहे का ते पाहावे. मग ती काढून वाल्वला हाताचा व्हॅक्यूम पंप लावावा. ओढलेला व्हॅक्यूम लगेच उतरला तर आतला पडदा फाटला आहे. टिकला तर इंजिन गरम करून, ते मंद चालू असताना पुन्हा पंप ओढावा. पेट्रोल इंजिन अडखळले, डिझेलचा आवाज बदलला, तर वाल्व व मार्ग मोकळे आहेत. काहीच फरक पडला नाही तर बहुधा काजळी आहे. आधी सफाई करून घ्यावी.

नव्या गाड्यांत नळीऐवजी विजेची तार असते. तिथे स्कॅनर लागतो. "पी ०४०१" हा कोड धूर कमी परतत असल्याचे सांगतो. वाल्वच खराब आहे असे नव्हे. मार्ग तुंबला असेल किंवा सेन्सर बिघडला असेल.

पी. यू. सी. मिळाले म्हणून निर्धास्त राहू नये. त्या तपासणीत डिझेलचा काळा धूर पाहतात, नायट्रोजनचे वायू मोजत नाहीत. काही जण पत्रा लावून वाल्व कायमचा बंद करतात. त्याने पैसे वाचल्यासारखे वाटते, पण तो विषारी वायू बाजारात दिवसभर बसणाऱ्या आपल्याच छातीत जातो.