वॉरंटीतली गाडी आणि आपला मिस्त्री

जळगाव-धुळ्यात असे कितीतरी कुटुंबकबिले आहेत, जिथे एकजण नवी गाडी घेतो आणि दुसऱ्याचे घर गॅरेजवर चालते. चुलता किंवा मेहुणा पंचवीस वर्षांचा कसबी मिस्त्री असतो, पण गाडी त्याच्याकडे न्यायची हिंमत होत नाही. ‘बाहेर हात लागला की वॉरंटी गेली’ ही भीती मनात पक्की बसलेली असते. मग एरंडोल-पारोळ्याकडचा माणूस नुसते ऑइल बदलायला दिवस मोडून शहर गाठतो आणि मिस्त्रीचे हक्काचे गिऱ्हाईक तीन वर्षे तुटते.

ही भीती कितपत खरी आहे, हे तपासण्याचे काम भारतीय स्पर्धा आयोगाने केले. शमशेर कटारिया यांनी २०११ साली तीन मोटार कंपन्यांविरुद्ध तक्रार केली. सुटे भाग आणि तपासणीची यंत्रे बाहेरच्या गॅरेजना मिळू दिली जात नाहीत, असे त्यांचे म्हणणे होते. चौकशी वाढत गेली. २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने चौदा कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपये दंड ठोठावला. दंडाचा वाद पुढे अपिलात आणि कोर्टांत गेला. पण आपल्या कामाची गोष्ट त्या निकालात वेगळीच आहे: बाहेर काम केले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढे नुकसान झाले तेवढ्यापुरतीच ती नाकारावी.

‘तेवढ्यापुरती’ हा शब्द लक्षात ठेवावा. मिस्त्रीने ब्रेकचे पॅड बदलले आणि पुढे एसीचा कॉम्प्रेसर बसला, तर या दोहोंचा संबंध काय? मात्र चुकीच्या ग्रेडचे ऑइल टाकले आणि इंजिन जाम झाले, तर कंपनीने हात वर केले तरी आपल्याला बोलायला जागा नाही. वायरिंग कापून दिवे, हॉर्न, स्पीकर बसवणे तर सर्वांत धोक्याचे. हौस हजाराची आणि भांडण लाखाचे!

खरी अडचण कसबाची नाही, कागदाची आहे. आपल्याकडे मिस्त्रीशी घरोबा असतो. त्याच्याकडे बिल मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे वाटते. तोही खिशातल्या चिठ्ठीवर आकडा लिहून देतो. उद्या शोरूममध्ये ही चिठ्ठी कोण मानणार? पक्क्या बिलावर तारीख, गाडीचा नंबर, किलोमीटर, ऑइलचा ग्रेड आणि फिल्टरचा पार्ट नंबर हवा. सर्व्हिस ठरल्या मुदतीत किंवा किलोमीटरमध्ये झालेली हवी. सुटा भाग अस्सल घ्यावा, त्याची पेटी फेकू नये. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो त्या आपल्या भागात कूलंट कोणते आणि किती टाकले, हेही लिहून घ्यावे. गॅरेज चालवणाऱ्या आमच्या भावांनी छापील बिलबुक ठेवले, तर त्यांचे गिऱ्हाईक त्यांच्याकडेच टिकेल.

आमचे मत विचाराल तर सगळेच बाहेर करू नये. सुरुवातीच्या मोफत सर्व्हिस डीलरकडेच घ्याव्यात. त्यांत बहुधा मजुरी माफ असते, ऑइल-फिल्टरचे पैसे पडतात. एअरबॅग, संगणकाशी जोडलेले बिघाड आणि कंपनीने स्वतः परत बोलावलेल्या भागांचे कामही तिथेच करावे. गाडी घेतानाच वॉरंटीची पुस्तिका वाचावी. ती गाडीच्या खणात कव्हरसकट तशीच पडलेली आम्ही अनेकदा पाहिली आहे.

दावा नाकारला गेलाच, तर काउंटरवर वाद घालून घसा कोरडा करू नये. नकार लेखी मागावा. कोणता भाग, कोणत्या बाहेरच्या कामामुळे बिघडला, हे त्यात लिहून घ्यावे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते. त्याने भागले नाही, तर जळगाव आणि धुळे या दोन्ही ठिकाणी जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचे कार्यालय कुठे का असेना. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. वकील लावलाच पाहिजे असे नाही. बिलांची फाईल मात्र सोबत न्यावी.