मेंदूज्वर : पाठीतलं पाणी तपासायला नकार देऊ नका

५ ऑक्टोबर हा जागतिक मेनिंजायटिस दिन. आपल्याकडे या आजाराला सरसकट ‘मेंदूज्वर’ म्हणतात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो, कारण डासांमुळे होणाऱ्या जपानी मेंदूज्वरालाही लोक तेच नाव देतात. मेनिंजायटिस म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीच्या आवरणाला येणारी सूज. ती विषाणू, बुरशी किंवा क्षयाच्या जंतूंमुळेही येते. पण काही तासांत जीव घेऊ शकतो तो जिवाणूंमुळे होणारा प्रकार. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार त्यात ६ पैकी सुमारे १ रुग्ण दगावतो, तर ५ पैकी १ रुग्णाला बहिरेपणा, फिट यांसारखे गंभीर परिणाम सोसावे लागतात.

जोराचा ताप, असह्य डोकेदुखी, उलट्या, उजेड सहन न होणे आणि मान इतकी आखडणे की हनुवटी छातीला टेकत नाही, ही त्याची लक्षणे. तान्ह्या बाळाची मान आखडेलच असे नाही. ते दूध ओढत नाही, वेगळ्याच कर्कश आवाजात रडते, टाळू फुगते. रुग्ण बरळू लागला किंवा फिट आली की वस्तीत ‘बाहेरचं काही लागलंय’ अशी कुजबुज सुरू होते आणि उतारा-अंगाऱ्यात रात्र जाते. खरे तर नेमके तेच तास उपचाराचे असतात. अशा वेळी १०८ ला फोन करावा.

दुसरी अडचण दवाखान्यात येते. डॉक्टर पाठीतले पाणी तपासायचे म्हणतात आणि नातेवाईक ‘माणूस लुळा होईल’ म्हणून सही करत नाहीत. ही सुई कमरेजवळ, मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. नंतर एक-दोन दिवस डोके दुखू शकते. पण कोणत्या जंतूमुळे आजार झाला, हे त्या पाण्यावरूनच नीट कळते. क्षयाचा मेंदूज्वर तर हळूहळू वाढतो. आठवडाभराहून जास्त ताप, डोकेदुखी आणि माणूस चिडचिडा, गप्प झालेला. म्हणून तो लवकर ओळखूच येत नाही.

बीसीजी, पेंटाव्हॅलंट आणि पीसीव्ही या लसी यातल्या काही प्रकारांपासून बाळांना वाचवतात आणि सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात. लस काय करू शकते ते आफ्रिकेत दिसले. सेनेगल ते इथिओपिया या पट्ट्यात १९९६-९७ च्या साथीत सुमारे २५ हजार माणसे मेली. २०१० मध्ये बुर्किना फासोपासून तिथे ‘मेनआफ्रिव्हॅक’ ही लस देण्यास सुरुवात झाली. ती आपल्या पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवली होती आणि किंमत होती अर्ध्या डॉलरपेक्षा कमी. त्या भागातली ‘अ’ गटाच्या जंतूची साथ जवळपास संपली.

वसतिगृहात राहणाऱ्या मुलामुलींनी आणखी एक लक्षात ठेवावे. मेनिंगोकोकस हा जंतू खोकला, थुंकी आणि जवळच्या सहवासातून पसरतो. खोलीतल्या एकाला त्याचे निदान झाले, तर बाकीच्यांनी ताप येण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे प्रतिबंधक औषधाबद्दल विचारावे.